घरची फुलबाग ऋतूंच्या हिशेबाने, आणि इतर बागा बहर नसताना पाहणे

अंगणवेल (पुणे)

पुण्यात जानेवारीच्या अखेरीस एम्प्रेस गार्डनमध्ये फुलांचे प्रदर्शन भरते आणि पुढच्या पंधरवड्यात शहरातल्या रोपवाटिकांमधली पिटुनिया, साल्व्हिया, डायंथस, पॅन्सी ही रोपे हातोहात संपतात. ती घरी येतात, फेब्रुवारीभर कुंडी भरून फुलतात आणि मार्चच्या मध्याला उन्हाचा चटका बसू लागला की माना टाकतात. मग पुष्कळ जण आपल्या हाताला गुण नाही असे म्हणून कुंड्या उपड्या घालून ठेवतात. वास्तविक ही सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पेरायची हंगामी रोपे असतात, आणि त्यांचा हंगाम सरत आला असताना आपण ती विकत घेतलेली असतात.

माझे मत असे की घरच्या बागेचा कणा हंगामी रोपांचा असू नये, तो आपल्या हवेत वर्षानुवर्षे टिकणाऱ्या झुडपांचा, वेलींचा आणि कंदांचा असावा. वैशाखात मोगरा आणि अनंत, मृगाच्या सुमारास रेन लिली, पावसात जुई, सोनटक्का आणि गुलबक्षी, श्रावणापासून दिवाळीपर्यंत प्राजक्त, दसऱ्याला झेंडू, मार्गशीर्षात शेवंती, थंडीत कुंद आणि गुलाब अशी साखळी एकदा जमली की मधल्या रिकाम्या जागांपुरतीच हंगामी रोपे लागतात. या साखळीतले झेंडूसारखे एखादेच झाड दर वर्षी नव्याने पेरावे लागते. दसऱ्याला फुले हवी असतील तर जुलैत बी टाकावे, कारण मोठ्या फुलाच्या झेंडूला पेरणीपासून फुलापर्यंत साधारण दोन महिने लागतात, आणि रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, म्हणजे ते उंच वाढण्याऐवजी बाजूंनी फुटते.

दुसरा मुद्दा बागा पाहण्याचा. आपण बागा बहरात पाहायला जातो, आणि त्यात आनंद असला तरी शिकायला फारसे मिळत नाही. फुललेले झाड सगळे झाकून टाकते. तेच झाड छाटणीनंतर, नव्या फुटीच्या वेळी किंवा ऐन उन्हाळ्यात पाहिले की माळ्याने ते कुठे कापले, आळे केवढे केले आणि सावली कोणत्या बाजूने दिली हे नजरेला पडते. एम्प्रेस गार्डनमध्ये मी जूनमध्ये आवर्जून जाते. गर्दी नसते आणि कांचनवेलीची ती अजस्र, पिळदार खोडे निवांत पाहता येतात. सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानात तर फुलांचा भर जवळजवळ नाहीच. जपानमधल्या ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर ते आखलेले आहे. हिरवळीचे चढउतार, पाणी, दगड आणि कापून गोलसर ठेवलेली झुडपे एवढ्यावर ती बाग उभी आहे, आणि गच्चीवर काय काय ठेवू नये हे मला तिथे जितके कळले तितके कुठल्याही प्रदर्शनात कळले नाही.

आपापल्या गावची हवा, तिथले फुलांचे वेळापत्रक आणि पाहिलेल्या बागा यांबद्दल लिहावे. छायाचित्रे नसली तरी चालेल, कृती मात्र नेमकी लिहावी.

खिडकीबाग (मुंबई)

धागा आवडला, पण प्रदर्शनांवर थोडा अन्याय झाला आहे असे वाटते. आमच्यासारख्या ग्रीलमध्ये कुंड्या टांगून बाग करणाऱ्यांना एकाच ठिकाणी शेकडो प्रकार नावानिशी पाहायला मिळतात ते तिथेच. भायखळ्याच्या राणीच्या बागेत महापालिकेचे प्रदर्शन भरते तेव्हा मी वही घेऊन जाते आणि लहान कुंडीत कोणते झाड कितपत वाढले आहे एवढेच टिपून आणते. शिवाय त्याच फेरीत उर्वशीचे झाड फुललेले सापडण्याचा संभव असतो. ज्यांनी ते पाहिलेले नाही त्यांच्यासाठी सांगते की उर्वशी हा ब्रह्मदेशाकडचा वृक्ष आहे आणि त्याचे फुलोरे फांदीवरून खाली लोंबतात. शेंदरी-लाल पाकळ्यांच्या टोकाला पिवळा ठिपका असतो आणि लांब, बाकदार पुंकेसर बाहेर डोकावतात. खाली उभे राहून वर पाहिले तर फुलोरा उलटा टांगलेला दिसतो, आणि कोवळी पालवीसुद्धा तशीच मरगळल्यासारखी लोंबकळत असते. ही बाग 1862 पासूनची आहे. लोक पेंग्विन पाहायला येतात आणि झाडांखालून मान वर न करता निघून जातात, याची मला दर वेळी हळहळ वाटते.

आता अडचण सांगते. माझा मोगरा हिरवागार आहे, पाने तुकतुकीत आहेत, फांद्या ग्रीलच्या बाहेर गेल्या आहेत, पण कळ्या अगदी मोजक्या येतात. खिडकी पूर्वेची असून ऊन साडेदहा-अकरापर्यंतच मिळते. खत दर महिन्याला घालते. काय चुकत असावे?

अंगणवेल (पुणे)

उर्वशीचे वर्णन वाचून पुढच्या मुंबई भेटीत राणीची बाग नक्की करणार. प्रदर्शनाचा तुमचा उपयोग मला पटला. वही घेऊन जाणारी माणसे थोडी असतात एवढेच.

मोगऱ्याचे म्हणाल तर खत कमी करा आणि विश्रांती द्या. मोगऱ्याला फूल नव्या फुटीवर येते. वर्षभर पाणी आणि नत्र मिळत राहिले तर झाड जुन्या फांद्याच लांबवत बसते. डिसेंबर लागला की पाणी हळूहळू तोडावे, माती अगदी कोरडी वाटली तरच थोडे द्यावे. पाने पिवळी पडतील, काही गळतील, तिकडे दुर्लक्ष करावे. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात झाडाची निम्मी उंची छाटावी, वाळक्या आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढाव्यात, उरलेली पाने हाताने ओरबाडून टाकावीत. वरची दोन-तीन इंच माती मुळे न दुखवता उकरून तिथे चांगले कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड मिसळावी आणि मग भरपूर पाणी द्यावे. महिना-दीड महिन्यात लालसर फूट येते आणि तिच्या टोकाला कळ्यांचे झुबके धरतात. एक बहर संपला की फुले येऊन गेलेले शेंडे दोन-दोन पानांसकट खुडायचे, म्हणजे पुढचा बहर धरतो. पावसाळा लागेपर्यंत हे असे तीन-चार वेळा साधते.

कळ्या जांभळट होऊन न उमलता गळत असतील तर आत अळी आहे असे समजावे. त्या कळ्या खुडून नष्ट कराव्यात, कुंडीत पडू देऊ नयेत, आणि नव्या कळ्या धरत असताना आठवड्याने निंबोळी तेल साबणाच्या पाण्यात घोटून फवारावे.

ऊन मात्र हा खरा प्रश्न आहे. मोगऱ्याला निदान पाच-सहा तासांचे थेट ऊन लागते. अकरापर्यंतच्या उन्हात तो जगेल, थोडा फुलेल, पण गजरे होतील अशी अपेक्षा ठेवू नये. त्या खिडकीला अबोली आणि बेगोनिया अधिक शोभतील.

कापूसकोंड्या (नागपूर)

मोगऱ्याच्या बाबतीत पुण्या-मुंबईने आमचा हेवा करावा. नागपूरच्या उन्हात तो असा फुलतो की संध्याकाळी गच्चीवर दुसरा कुठला वास उरत नाही. बाकी सगळ्या झाडांचे मात्र एप्रिल-मे म्हणजे जिवावरचे दुखणे असते. पारा 45 अंशांच्या वर गेला की झाड वरून करपण्याआधी खालून भाजते, कारण गच्चीचा स्लॅब तापलेला असतो आणि कुंडी थेट त्यावर टेकलेली असते. म्हणून आमच्याकडे पहिले काम म्हणजे प्रत्येक कुंडीखाली दोन विटा. दुसरे म्हणजे मातीवर कुटाराचा, म्हणजे मळणीनंतरच्या भुशाचा, चार बोटे जाड थर. तिसरे, नाजूक झाडांची कुंडी मोठ्या कुंडीत ठेवून मधली पोकळी रेतीने भरायची आणि ती रेती ओली ठेवायची. मातीची कुंडी असेल तर हा उपाय विशेष लागू पडतो, प्लास्टिकला तितका नाही. हिरवी जाळी 50 टक्के सावलीची पुरते, त्याहून दाट लावली तर झाडे लांबट होतात. पाणी पहाटे द्यावे. दुपारी पाने मलूल दिसली म्हणून धावत जाऊन पाणी घालू नये, कारण तापलेल्या मातीत तेव्हा पाणी पडले की मुळांची उकड होते. संध्याकाळपर्यंत थांबावे, बहुतेक झाडे आपोआप सावरतात.

आमचे खरे वैभव थंडीचे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी डेलिया, ग्लॅडिओलस आणि गुलाब इथे जसे येतात तसे दमट हवेत येत नाहीत. गुलाबाची छाटणी आम्ही पाऊस पूर्ण उघडल्यावर, ऑक्टोबरच्या मध्याला करतो. हाच दिवस सगळ्या महाराष्ट्राने पाळावा असा आग्रह काही ठिकाणी दिसतो, तो मला पटत नाही. परतीचा पाऊस रेंगाळला असेल तर थांबावे, कारण ओल्या हवेत कापलेल्या फांदीच्या टोकापासून ती काळी पडत खाली वाळत जाते.

कापण्याची रीत लिहितो. फांदीवर बाहेरच्या बाजूला तोंड असलेला डोळा शोधावा. तो पानाच्या देठाच्या खुणेवर तांबूस टिंबासारखा दिसतो. त्याच्या वर पाव इंचावर, डोळ्याच्या विरुद्ध दिशेला उतार राहील असा तिरपा काप द्यावा. कापल्यावर फांदीचा गाभा पाहावा. पांढुरका-हिरवट असेल तर ठीक, तपकिरी असेल तर आणखी खाली कापावे आणि शुद्ध गाभा लागेपर्यंत कापत जावे. कात्री धारदार नसेल तर साल चेचली जाते आणि तिथूनच रोग शिरतो. कापांवर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावावी. छाटणीपासून दीड महिन्याच्या आसपास पहिली फुले येतात, त्यामुळे कोणाला 26 जानेवारीच्या सुमाराला फुले हवी असतील तर डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पुन्हा हलकी छाटणी करता येते.

बहर नसताना बाग पाहण्याचे म्हणाल तर महाराजबागेत मे महिन्यात सकाळी एक फेरी मारावी. ती बाग कृषी महाविद्यालयाच्या देखरेखीखाली आहे. तिथल्या जुन्या झाडांच्या सावलीत कोणती झुडपे हिरवी राहिली आहेत याची यादी केली की नागपूरच्या उन्हाळ्यात तगणाऱ्या झाडांचा प्रश्न सुटतो.

कातळसडा (रत्नागिरी)

आमच्याकडे गोष्ट अगदी उलटी. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या गावात गुलाबाचे लाड करण्यात अर्थ नाही. आषाढात पानांवर काळे ठिपके पडतात आणि श्रावणात झाडाच्या नुसत्या काड्या उरतात. हौसेने लावतात आणि दर वर्षी औषधे मारतात असे लोक आहेत, त्यांना माझा नमस्कार. मी परसात अनंत, जास्वंद, बकुळ आणि सोनटक्का यांच्यावर समाधानी आहे. सोनटक्क्याला तर सांडपाण्याच्या वाटेवरची जागा दिली की त्याच्याकडे पाहावेही लागत नाही. पाऊस संपल्यावर त्याची जुनी खोडे जमिनीलगत कापावीत, एवढीच सेवा. सोनचाफा लावायचा तर कलमी घ्यावा. बियांपासून केलेले झाड फुलायला कित्येक वर्षे घेते आणि मग हाताला न येणाऱ्या उंचीवर फुलते.

बागा पाहण्याच्या बाबतीत मला वेगळे सांगायचे आहे. ज्या बागेला माळी नाही ती आधी पाहावी. पावसाळ्यात आमचा सडा, म्हणजे कोकणातले उघडे कातळाचे माळ, आणि घाटावर कासचे पठार या दोन्ही जागा जांभ्यावरच्या आहेत. कास समुद्रसपाटीपासून साधारण 1200 मीटरवर आहे आणि 2012 पासून पश्चिम घाटातल्या जागतिक वारसा स्थळांमध्ये त्याची गणना होते. ऑगस्टच्या अखेरीपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत तिथे तेरडा, सोनकी, कवळा, गेंद, सीतेची आसवे यांचे ताटवे एकामागून एक येतात. दोन आठवड्यांच्या अंतराने गेलात तर रंग बदललेला असतो. हंगामात प्रवेश मर्यादित असतो आणि आधी नोंदणी करावी लागते, ते योग्यच आहे.

मातीचा थर तिथे कुठे दोन बोटे, कुठे तेवढाही नाही. पाणी साचते तिथे एक झाड, निथळते तिथे दुसरे आणि खडकाच्या भेगेत तिसरे अशी वाटणी इतकी काटेकोर आहे की वीतभर अंतरावर वस्ती बदलते. सीतेची आसवे हे निळे-जांभळे, नखाएवढे फूल पाहायला वाकलात तर एक गोष्ट ध्यानात ठेवा. त्याच्या मातीतल्या बारीक तंतूंना सूक्ष्म फुगे असतात आणि त्यांत ते अतिसूक्ष्म जीव पकडते, कारण त्या मातीत नत्र जवळजवळ नाही. असे झाड उपटून घरच्या खतावलेल्या कुंडीत लावले तर ते चार दिवसही टिकत नाही. तरीही प्लास्टिकच्या पिशवीत रोपे घालून नेणारे पर्यटक मी पाहिले आहेत. चोरून आणलेली काडी लवकर जगते हा आपल्याकडचा लाडका समज शेजाऱ्याच्या मनीप्लांटपुरता ठेवावा, पठारावर तो चालवू नये.

आणि अंगणवेल यांच्या मुद्द्याला धरून सांगायचे तर सडा फेब्रुवारीतही पाहावा. सगळे काळे, भाजलेले, कोरडे असते, आणि त्या कातळात कंद, बी आणि बीजाणू पावसाची वाट पाहत पडलेले असतात. झोपलेल्या कंदाला पाणी घालू नये हे तिथे एकदा पाहिले की पुन्हा सांगावे लागत नाही.

परसदार (पेनसिल्व्हेनिया)

तुम्ही सगळे पावसाच्या हिशेबाने लिहीत आहात, आमच्या बागेचा हिशेब हिमाच्या कडाक्यावर चालतो. शेवटचे हिम कधी पडेल आणि पहिले कधी, या दोन तारखांच्या मध्ये आमची सगळी बाग बसवावी लागते. माझ्या भागात ती मुदत साधारण एप्रिलच्या अखेरीपासून ऑक्टोबरपर्यंत असते. ट्यूलिप आणि डॅफोडिलचे कांदे मात्र ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, जमीन गोठण्याआधी पुरावे लागतात, कारण कित्येक आठवड्यांच्या थंडीशिवाय ते फुलत नाहीत. ट्यूलिप हरणे फस्त करतात, डॅफोडिलला तोंड लावत नाहीत. त्यामुळे कुंपण नसलेल्या परसात काय लावायचे हे शेवटी हरणेच ठरवतात.

मोगरा इथेही आहे. भारतातून रोप आणणे नियमांत बसत नाही, पण फ्लोरिडातल्या रोपवाटिका तो विकतात. रात्रीचे तापमान 10 अंशांच्या खाली जाऊ लागले की कुंडी घरात, दक्षिणेच्या खिडकीत येते. घरातल्या कोरड्या, तापवलेल्या हवेत लाल कोळी ही कीड हमखास होते, म्हणून पानांची खालची बाजू दर आठवड्याला ओल्या फडक्याने पुसते आणि महिन्यातून एकदा झाड न्हाणीघरात नेऊन फवाऱ्याखाली धुते.

मला सांगायचे आहे ते शेवंतीबद्दल. माझ्या घरापासून गाडीने जाण्याजोग्या अंतरावर लाँगवुड गार्डन्स ही हजार एकरांहून मोठी बाग आहे. पियर द्यु पाँ यांनी 1906 मध्ये ती जागा विकत घेतली, तीसुद्धा तिथली जुनी झाडे लाकडासाठी तोडली जाणार होती म्हणून. शरद ऋतूत तिथल्या काचघरात शेवंतीचा उत्सव असतो आणि त्यात एकाच रोपाला हजाराहून अधिक फुले आणलेली असतात. ही जपानी पद्धत आहे. एका काडीपासून सुरुवात करून शेंडे पुन्हा पुन्हा खुडत जातात, प्रत्येक फांदी तारेच्या सांगाड्यावर बांधत जातात, आणि दीड वर्षाच्या आसपास मेहनत केल्यावर सगळी फुले एकाच वेळी, एकाच आकाराची, घुमटासारख्या रांगांमध्ये उमलतात. पुढून पाहिले की डोळे दिपतात. मी मागे जाऊन पाहिले. तिथे एकच खोड मातीतून वर येते आणि त्याच्या शेकडो फांद्या तारांना सुतळीच्या गाठींनी जखडलेल्या दिसतात. सौंदर्य म्हणून ते मला थोडे जाचक वाटते, हे कबूल करते, पण शेंडा खुडण्याने काय होते हे याहून स्पष्ट कुठेच दिसणार नाही.

इंग्लंडमध्ये 1927 पासून एक प्रथा आहे. खासगी घरांच्या बागा वर्षातले ठरावीक दिवस लोकांसाठी उघडतात आणि तिकिटाचे पैसे परिचर्या आणि आरोग्याच्या कामाला जातात. अमेरिकेतही 1995 पासून असेच दिवस भरतात. घरमालक स्वतः फाटकाशी उभा असतो आणि विचारेल त्याला सांगतो. मोठ्या बागांपेक्षा मला तिथे अधिक मिळते, कारण त्यांची जागा, पैसा आणि वेळ आपल्याइतकाच असतो.

अंगणवेल (पुणे)

शेवंतीचा विषय निघालाच आहे तर तिचे वेळापत्रक लिहिते. डिसेंबर-जानेवारीत फुले संपली की झाड जमिनीपासून चार बोटांवर कापावे आणि फेकू नये. मुळाशी जे धुमारे फुटतात, ज्यांना शेतकरी काश्या म्हणतात, ते मुळांसकट सोडवून निराळे लावावेत आणि उन्हाळाभर अर्धवट सावलीत जगवावेत. जूनमध्ये त्यांना मोठ्या कुंडीत हलवावे. रोप वीतभर झाले की शेंडा खुडावा, नव्या फांद्यांचे शेंडे पुन्हा खुडावेत, आणि ऑगस्टचा मध्य उलटला की हात आवरावा. त्यानंतर खुडले तर कळ्याच जातात.

शेवंतीला रात्र मोठी लागते. दिवस लहान होत गेले की तिला कळी धरण्याची खूण मिळते, आणि रात्रीच्या अंधारात मध्येच उजेड पडला तर ती खूण पुसली जाते. फुलशेती करणारे याचाच उपयोग करून शेतात दिवे लावतात आणि फुले लांबणीवर टाकतात. सोसायट्यांमध्ये जिन्याच्या किंवा रस्त्याच्या दिव्याखालची शेवंती नुसती पाने काढत राहते त्याचे कारण हेच. खत बदलू नका, कुंडीची जागा बदला.

माटोळी (फोंडा, गोवा)

गोव्यात फुलांचा हिशेब देवळाशी आणि केसांशी जोडलेला आहे, त्यामुळे बागेतही तीच झाडे दिसतात. जाई पाहायची असेल तर पावसाळ्यात म्हार्दोळला यावे. महालसेच्या देवळाच्या परिसरातली कुटुंबे पिढ्यान् पिढ्या जाई लावत आली आहेत आणि देवीची जायांची पूजा तिथे पावसाळ्यातच होते. मांडवावर वेल चढवलेली असते, माणूस खाली उभा राहून हात वर करून कळ्या खुडू शकेल एवढ्याच उंचीवर. कळ्या दुपार कलल्यावर, उमलण्याच्या आधी खुडतात. घरी वेल लावणाऱ्यांनी मांडवाची उंची तेवढी जरी लक्षात ठेवली तरी पुरे, कारण ग्रीलवरून तिसऱ्या मजल्यापर्यंत गेलेल्या जाईची फुले शेजाऱ्यांनाच मिळतात. अशा बागा म्हणजे लोकांचे रोजचे उत्पन्न असते, तेव्हा आत जाण्याआधी विचारावे आणि फुलांना हात लावू नये.

अबोलीबद्दल एक गोष्ट. तिच्या फुलोऱ्यात वाळलेली बोंडे राहतात ती पाण्याचा थेंब लागताच टचकन फुटतात आणि बी दूरवर उडते. पहिल्या पावसाच्या वेळी ओसरीवर बसले तर तो आवाज ऐकू येतो. आठ-पंधरा दिवसांनी हातभर अंतरावर रोपे दिसतात. बी साठवायचे असेल तर बोंडे वळवाआधीच काढून ठेवावीत. पेरायचे असेल तर काहीच करू नये, पाऊस करतो. फुलून गेलेले तुरे वेळेवर काढले तर मात्र झाड बी धरण्यात शक्ती घालवत नाही आणि जवळजवळ बारा महिने फुलत राहते. खिडकीबाग यांच्या पूर्वेच्या उन्हाला ती नक्की मानवेल.

इतर झाडांसाठी 24 जूनच्या सांजांव या गोव्यातल्या ख्रिस्ती सणाची आठवण करून देते. त्या दिवशी डोक्यावर घालायच्या कोपेलांसाठी रानातली आणि परसातली मिळतील ती फुले-पाने लागतात, आणि पावसाच्या पहिल्या पंधरवड्यात गावात काय काय उगवून आले आहे याचे तेच प्रदर्शन असते. वेगळे तिकीट काढावे लागत नाही.

खिडकीबाग (मुंबई)

अबोली घेतली. मोगरा आईच्या गच्चीवर डोंबिवलीला पाठवते, तिथे दिवसभर ऊन असते.

मुलीकडे गेले असताना नेदरलँड्समधले केकेनहोफ पाहिले होते त्याची एक गोष्ट सांगायची राहिली. मार्चच्या मध्यापासून मेच्या मध्यापर्यंतच ती बाग उघडी असते आणि त्यासाठी 70 लाखांच्या आसपास कांदे दर शरदात लावले जातात. एकाच वाफ्यात कांदे वेगवेगळ्या खोलीवर थरांनी लावतात. उशिरा फुलणारे तळाशी, लवकर फुलणारे वर. त्यामुळे एक थर संपता संपता दुसरा वर येतो आणि वाफा रिकामा दिसत नाही. ग्रीलमध्ये जागेची चणचण असल्यामुळे मी असा विचार करत आहे की खोल कुंडीत तळाशी मे फ्लॉवरचे कांदे ठेवावेत आणि वर थंडीत पिटुनिया लावावा. जमेल का?

कापूसकोंड्या (नागपूर)

कल्पना चांगली, जोडी चुकीची. मे फ्लॉवरचा कांदा थंडीत झोपतो आणि तेव्हा त्याला कोरडे लागते. पिटुनियाला थंडीत रोज पाणी लागते. फेब्रुवारीत कुंडी उकरलीत तर कांद्याच्या जागी लगदा मिळेल. कातळसडा यांनी वर लिहिलेच आहे.

त्याऐवजी तळाशी रेन लिली घ्या. ती पाण्याने कुजत नाही, थंडीत पाने धरून गप्प बसते आणि वळवाचा पाऊस पडला की आठवडाभरात फुले काढते. मार्चमध्ये पिटुनिया गेला की त्याची मुळे न उपसता वरून कापून टाका, म्हणजे कांदे हलणार नाहीत. मे फ्लॉवरची कुंडी निराळी ठेवा, ऑक्टोबरच्या अखेरीस पाने पिवळी पडली की कुंडी आडवी करून कोपऱ्यात सारा आणि एप्रिलपर्यंत विसरा.

नवी कुंडी (ठाणे)

मी सगळा धागा वाचला आणि थोडी घाबरले. माझ्याकडे पश्चिमेची बाल्कनी आहे, दुपारी दीडपासून सूर्य मावळेपर्यंत कडक ऊन असते, आणि सध्या वैशाख चालू आहे. आत्ताच काही लावावे की पावसाची वाट पाहावी? आणि सोसायटीतली मंडळी कुंड्यांचे वजन आणि गळती यावरून आधीच कुरकुरत आहेत.

अंगणवेल (पुणे)

घाबरू नका. आत्ता लावू नका, आत्ता माती करा. वैशाखात केलेली माती मृगापर्यंत मुरते. एक भाग बागेची माती, एक भाग पालापाचोळ्याचे किंवा स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचे पूर्ण कुजलेले खत आणि एक भाग कोकोपीट घेतले तर नुसत्या मातीच्या मानाने कुंडी पुष्कळ हलकी होते, सोसायटीलाही बोलायला जागा राहत नाही. त्यात थोडी निंबोळी पेंड घाला. कुंडीच्या तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा पालथा ठेवा, नाहीतर माती वाहून भोक बुजते आणि पावसात मुळे बुडतात. गळतीसाठी कुंडीखाली थाळी ठेवा, पण पावसाळ्यात ती काढा. साचलेल्या पाण्यात डास होतात आणि मुळेही गुदमरतात.

पश्चिमेच्या कडक उन्हाला बोगनवेल उत्तम. तिला पाणी कमी दिले तरच ती फुलते, त्यामुळे सुट्टीत गावी गेलात तरी चिंता नाही. जोडीला पावसाच्या सुरुवातीला मोगरा आणि जास्वंद लावा. जास्वंदीवर पिठ्या ढेकूण येतो. कोवळ्या शेंड्यांत कापसासारखे पांढरे दिसले की त्याच दिवशी जुन्या दातांच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात घासून काढा, आठवडा थांबलात तर फवारणीखेरीज उपाय उरत नाही.

कातळसडा (रत्नागिरी)

आणि मुंग्यांकडे लक्ष ठेवा. जास्वंदीच्या खोडावर मुंग्यांची ये-जा दिसली की वर मावा किंवा ढेकूण आहे असे समजावे. मुंग्या त्यांचा गोड स्राव खातात आणि त्या बदल्यात त्यांची राखण करतात. नुसते ढेकूण काढून मुंग्यांची वाट मोडली नाही तर पंधरा दिवसांत पुन्हा तेच.

परसदार (पेनसिल्व्हेनिया)

घरच्या बागा उघडण्याची कल्पना पुण्यात कोणी उचलून धरते का? भारतात माझे येणे बहुतेक डिसेंबरमध्ये असते.

अंगणवेल (पुणे)

आमच्या सोसायटीत पाच-सहा गच्च्या आहेत, मी विचारून पाहते. पण डिसेंबरात नको, तेव्हा शेवंती फुललेली असते आणि सगळे नुसते फोटो काढतील. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात या. मोगरा छाटायचा असतो, कात्र्या इथे मिळतील.